फाटक्याला कुणी मारलं?

१

रविवारी सकाळी अरुणाबाईंनी दारातला पेपर उचलला, सवयीनं आधी शेवटचं पान उघडलं आणि आत गॅसवर चहा उतू गेला तरी त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. फाटक्या मेला होता.

एकतीस वर्षं दर रविवारी 'पहाटवारा'च्या शेवटच्या पानावर तो यायचा. तीन चौकटी, एक पडकी भिंत आणि भिंतीवर बसलेला एक बोका. डावा कान फाटलेला, अंगावरचे केस जुन्या केरसुणीसारखे, शेपटी मध्येच मोडलेली. नगरसेवक, बिल्डर, मंत्री, कारखानदार, कुणालाच त्यानं सोडलं नव्हतं. एकदा रस्तादुरुस्तीचा नारळ त्याच खड्ड्यापाशी तिसऱ्यांदा फुटला, तेव्हा फाटक्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता आणि म्हणत होता, "हितंच ऱ्हातो आता. दरसाली खोबरं तरी मिळतंय." आठवडाभर अख्ख्या शहराच्या तोंडात तेवढंच वाक्य होतं.

आज चौकट एकच होती. भिंत रिकामी. खाली फुटपाथवर फाटक्या कुशीवर पडलेला, डोळे मिटलेले. एक शब्द नाही. कोपऱ्यात नेहमीची सही, 'तात्या'.

अरुणा उपाध्ये त्या पेपरात बावीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं, फाटक्याचं बोलणंसुद्धा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. तात्यांनी थांबायचं ठरवलं असेल तर निदान एक फोन करायचा, एवढंच त्यांना वाटलं, आणि दिवसभर जेवण गेलं नाही.

सोमवारी दुपारी संपादक विजयसिंह घोरपड्यांचा फोन आला. आवाज दबका होता.

"बाई, जरा ऑफिसला येता का? तात्या येऊन बसलेत. म्हणतात, ते चित्र मी काढलेलंच नाही."

२

'पहाटवारा'चं ऑफिस शाहूपुरीत. संपादकांच्या खोलीत तात्यासो मगदूम ताठ बसले होते. चौऱ्याहत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, मांडीवर घडी घातलेला पेपर. अरुणाबाई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या तरी ते काही बोलले नाहीत. त्यांनी "तात्या" म्हणून हाक मारली, तेव्हा कुठं त्यांचा चेहरा हलला.

"बाई, तुमी हाय व्हय? बरं झालं आलासा. बघा काय केलंय माझ्या बोक्याचं."

त्यांनी पेपर टेबलावर उलगडला आणि बोटानं पान ठोकलं. बोट फाटक्यावर नव्हतं, शेजारच्या सोनाराच्या जाहिरातीवर होतं. रागात माणसाला भान राहत नाही, असं अरुणाबाईंनी मनाशी म्हटलं. बोलताना तात्या त्यांच्याकडं न बघता खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत होते. तेही अपमानामुळं असेल.

तात्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं. गुरुवारी त्यांनी चित्र काढलं होतं. फुटबॉलच्या मैदानावर पुढाऱ्याचा सत्कार, दोन्ही संघ बाहेर ताटकळत आणि फाटक्या गळ्यात शिट्टी अडकवून पुढाऱ्याला लाल कार्ड दाखवतोय. तीन चौकटी. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं. शुक्रवारी त्यांची बायको पद्माक्का नेहमीसारखी बसनं आली आणि पाकीट ऑफिसात देऊन गेली. रविवारी पहाटे तालमीतली पोरं दारात आली, फाटक्या गेला म्हणाली. घराजवळच्या ज्या भिंतीवरून त्यांना बोका सुचला होता, तिला लोकांनी हार घातला होता.

"जित्या बोक्याला हार घातलाय," तात्या म्हणाले. "ज्यानं हे केलं त्याचं नाव मला पायजे. न्हाईतर मी पोलिसात जातो."

रिक्षावाल्याला बोलावून त्यांना घरी पाठवल्यावर विजयसिंहांनी टेबलाच्या खणातून कागदांचा एक गठ्ठा काढला. वीस-पंचवीस कागद, सगळ्यांवर फाटक्या. बसलेला, उडी मारणारा, आळस देणारा. सही कुठंच नव्हती.

हे कागद सम्राटच्या खणात सापडले होते. सम्राट भोसले, पानं लावणारा, अकरा वर्षांची नोकरी, दोन मुलींचा बाप. तात्यांचं पाकीट तोच उघडायचा. तात्यांनंतर फाटक्या मला द्या, असं त्यानं दोनदा संपादकांना म्हटलंही होतं.

"शुक्रवारपर्यंत तुम्ही बघा," विजयसिंह म्हणाले. "तुम्हाला त्या बोक्याचा केस न् केस माहीत आहे. दुसरं कुणी निघालं नाही, तर शुक्रवारी सम्राट घरी जाईल."

३

सम्राट संगणकासमोर बसला होता, पण पडद्यावर काहीच नव्हतं. शेजारच्या खुर्च्या जरा लांब सरकलेल्या दिसत होत्या. अरुणाबाई त्याच्याजवळ बसल्या आणि त्यांनी गठ्ठा पुढं ठेवला.

त्यानं नाकारलं नाही. चित्रं त्याचीच होती. लहानपणी वडील त्याला मांडीवर घेऊन फाटक्या वाचून दाखवायचे, अक्षरओळख त्यावरच झाली. हात बसावा म्हणून जेवणाच्या सुट्टीत काढायचा, पण छापायला कधी दिलं नाही. पाकिटातून निघालं तेच त्यानं छापलं.

"उघडलं तवा मला रडू आलं मावशी," तो म्हणाला. "तात्यांना फोन करावा वाटलं. पन म्हटलं, मोठा मानूस, त्यांनी ठरवलं आसंल. आपन कोन विचारनार?"

अरुणाबाईंनी चष्मा लावला आणि त्याचे कागद एकेक करून बघितले. मग रविवारचं मूळ चित्र मागून घेऊन शेजारी ठेवलं. बराच वेळ त्या काहीतरी मोजत होत्या. शेवटी त्यांनी गठ्ठा सम्राटला परत दिला.

"हे तू केलेलं नाहीस," त्या म्हणाल्या.

फाटक्याला डावीकडं पाच मिशा आणि उजवीकडं चार. पहिल्याच आठवड्यात छपाईत एक मिशी गळाली होती. तात्यांनी ती परत कधी लावली नाही. मिशी उपटली तरी बोलायचं सोडत नाही असला बोका आहे, असं ते म्हणाले होते. नोकरीला लागल्यावर अरुणाबाईंनी चूक समजून विचारलं होतं, म्हणून त्यांना माहीत. बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. सम्राटच्या पंचवीस बोक्यांना दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिशा होत्या. मेलेल्या फाटक्याला उजवीकडं बरोबर चार.

सम्राटनं डोळे पुसले. मग त्याला एक आठवलं. चित्र उचलून त्यानं खिडकीशी तिरकं धरलं. कोऱ्या जागेत पेन्सिलीचे खोडलेले बारीक ठिपके दिसत होते, सारख्या अंतरावर, ओळीनं.

"आधी तात्या पेन्सिल लावायचे न्हाईत. सरळ शाईनं. आता कवापासनं तरी असं ठिपकं मारत्यात. मला वाटलं, वय झालं."

"कधीपासून?"

सम्राटला नक्की सांगता येईना. अरुणाबाईंनी तेवढं मनात टिपून ठेवलं. पण त्याआधी त्यांना कागलला जाऊन यायचं होतं. कारण फाटक्याला मारायची भाषा अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसानं उघडपणे केली होती.

४

धैर्यशील इंगळ्यांची फाउंड्री कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. तिच्या धुरावर फाटक्यानं लागोपाठ चार रविवार काढले होते. काळाकुट्ट झालेला फाटक्या आरशात बघून म्हणतो, "मी पांढरा हुतो ह्याला पुरावा न्हाई." त्यानंतर एका जाहीर कार्यक्रमात धैर्यशील म्हणाले होते की, त्या बोक्याला पोत्यात घालून नदीपल्याड सोडायला पाहिजे.

अरुणाबाईंना वाटलं होतं ताटकळत ठेवतील, पण त्यांनी लगेच आत घेतलं. खुर्चीमागच्या भिंतीवर तेच आरशाचं चित्र चौकटीत लावलेलं होतं.

धैर्यशील बघून ओशाळल्यासारखे हसले. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं. ती रविवारी नातवाकडून फाटक्या वाचून घ्यायची, आणि ते धुराचं चित्र आलं तेव्हा तिनं चार दिवस मुलाशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी त्यांनी धुराड्याला जाळी बसवली. आई गेल्यावर चित्र चौकटीत लावलं.

"आणि बाई, एक सांगतो," ते म्हणाले. "मला मारायचाच असता तर मी पेपरच्या मालकाकडं गेलो असतो. आमच्यासारखी माणसं बोकं अशीच मारत्यात. चित्र काढून, डोळं मिटवून कोण मारतंय? ज्यानं मारलाय त्याचा जीव हुता त्याच्यावर."

परतीच्या बसमध्ये हे शेवटचं वाक्य अरुणाबाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी पिशवीतून पेपर काढून ते चित्र पुन्हा बघितलं. फाटक्या पडला होता खरा, पण रस्त्यावर फेकल्यासारखा नव्हता. पाय पोटाशी घेतलेले, शेपटी अंगाभोवती, डोक्याखाली कुणाचा तरी टाकलेला रुमाल. कुणीतरी त्याला नीट निजवलं होतं.

५

बुधवारी त्यांनी ऑफिसातलं जुनं लोखंडी कपाट उघडायला लावलं. फाटक्याची मूळ चित्रं वर्षावार गठ्ठे बांधून ठेवलेली होती. त्या एकेक चित्र खिडकीशी तिरकं धरत मागं मागं जात राहिल्या.

ठिपके होते. गेल्या महिन्यात होते, गेल्या वर्षी होते, त्याच्या आदल्या वर्षीही होते. मग एका ठिकाणी थांबले. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातल्या एका रविवारपासून ठिपके सुरू झाले होते, आणि त्याच्या आधीच्या अठ्ठावीस वर्षांत एकाही कागदावर पेन्सिलीचा डाग नव्हता.

मग त्या फाटक्याचं बोलणं वाचायला बसल्या. हे त्यांचं खरं काम. चित्रातलं त्यांना फार कळत नव्हतं, पण शब्द कुणाच्या तोंडचा आहे हे कळायचं. जुना फाटक्या आश्चर्य वाटलं की म्हणायचा, "आयला." श्रावणापासूनचा फाटक्या म्हणत होता, "यव्वा." शिवाजी पेठेत वाढलेल्या तात्यांच्या तोंडी हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. हा शिरोळकडचा, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावांतला, आणि तोही बाईमाणसाचा.

विजयसिंह आत आले. मिशांचं त्यांना कळलं होतं आणि त्यांनी त्यातून आपलं उत्तर काढलं होतं. मिशा जर फक्त तात्यांना माहीत, तर चित्र तात्यांनीच काढलं आणि काढून विसरले. वय झालं की होतं असं. बिचाऱ्यांना डॉक्टरला दाखवायला सांगू आणि विषय संपवू.

अरुणाबाईंनी मान हलवली. विसरणारा माणूस तीन चौकटींतलं चित्र शिट्टी-कार्डासकट सांगत नाही. तात्यांनी गुरुवारी फुटबॉलचं चित्र काढलं, हे खरं होतं. ते पाकिटात घालून चिकटवलं, हेही खरं. आणि सम्राटनं पाकीट उघडलं तेव्हा आत दुसरंच होतं, हेही खरं. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. मग चित्र बदललं ते मधल्या वाटेवर. मधल्या वाटेवर एकच माणूस होतं.

"म्हणजे?" विजयसिंहांनी विचारलं.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. त्यांना दहा वर्षांपूर्वीचा बस्तीतला, म्हणजे जैन मंदिरातला, एक विधानाचा दिवस आठवला होता. पूजेसाठी जमिनीवर भलं मोठं मांडणं काढायचं होतं. एक बाई आली, तिनं आधी सारख्या अंतरावर ठिपके टाकले आणि मग कुठंही हात न उचलता त्यांतून रेषा ओढत गेली. सगळ्या बायका बघत राहिल्या होत्या. ती पद्माक्का होती, माहेर शिरोळचं.

६

गुरुवारी दुपारी त्या शिवाजी पेठेत गेल्या. जिन्याखालची दोन खोल्यांची जागा. तात्या पुढच्या खोलीत पाटावर कागद घेऊन बसले होते, तोंड अगदी कागदाला लागलेलं, मान एका बाजूला वाकडी. पावलं ऐकून त्यांनी डोकं वर केलं आणि कोण म्हणून विचारलं. अरुणाबाईंनी नाव सांगितलं. कागदावर त्यांची नजर गेली आणि त्या सरळ आतल्या खोलीत शिरल्या. कागदावर रेषा होत्या. एकमेकींवरून गेलेल्या, बोक्याचं डोकं एका ठिकाणी, कान वीतभर लांब.

पद्माक्का तांदूळ निवडत होत्या. डोक्यावर पदर घट्ट गुंडाळलेला, पूर्वी त्या कधी घ्यायच्या नाहीत. बांगड्या सैल होऊन कोपराकडं सरकत होत्या. अरुणाबाईंनी दार लोटलं आणि खालच्या आवाजात, जसं सापडलं तसं सगळं सांगितलं. चार मिशा, ठिपके, श्रावणातला तो रविवार, यव्वा. आणि तात्या नजरेला नजर देत नव्हते, बोट जाहिरातीवर ठेवत होते, ते रागानं नव्हे, हेही सांगितलं.

"त्यांना दिसत नाही. गेली तीन वर्षं फाटक्या तुम्ही काढताय, आक्का."

पद्माक्कांनी सूप बाजूला ठेवलं. नाकारलं नाही. जणू कुणीतरी येऊन विचारावं याची वाटच बघत होत्या.

तात्यांच्या डोळ्याचा पडदा खराब झाला होता. कडेचं धूसर दिसायचं, समोरचं काहीच नाही. डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं. हाताला सवय आहे, हात चुकत नाही, असं तात्या म्हणायचे आणि काढत राहायचे. पहिल्यांदा तसला कागद हातात आला, तेव्हा पद्माक्कांना तो ऑफिसात न्यायचं धाडस झालं नाही. तात्या दुपारी झोपल्यावर त्यांनी दुसऱ्या कागदावर ठिपके टाकले आणि तोच बोका नीट काढला. वाटलं, एवढाच रविवार. मग पुढचा आला. तात्या पाकीट चिकटवायचे. त्या वाफेवर उघडायच्या, आतला कागद बदलायच्या. तात्यांनी विचारलं, कसं झालंय, की म्हणायच्या, झक्कास. हळूहळू एखादा शब्द बदलायला लागल्या. लोक घरी येऊन तात्यांना म्हणायचे, आता तर तुमचा बोका जास्तच बोलायला लागलाय.

त्यांनी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली. तात्यांचे सगळे कागद आत होते, तारखा घालून, एकावर एक. वरच फुटबॉलचा होता. टाकून द्यायला हात धजला नाही, असं म्हणाल्या.

"मग मारलात का त्याला?"

पद्माक्कांनी उजवा हात पुढं केला. बोटांची टोकं काळपट पडली होती. पोटात गाठ होती, आठ-नऊ महिन्यांपासून. औषधानं बोटं बधिर झाली, ब्रश धरला तरी धरलाय हे कळायचं नाही. हे शेवटचं चित्र काढायला त्यांना अख्खा आठवडा लागला. डॉक्टरांनी आता औषधही थांबवलं होतं. तात्यांना वाटत होतं, आम्लपित्त आहे. बेंगळुरूच्या मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मी गेल्यावर ह्यांचं कागद तसंच गेलं असतं हापिसात," त्या म्हणाल्या. "ते काय थांबनारं मानूस न्हाई. लोकांनी कीव केली असती. म्हटलं, एकदा छापून आलं की झालं. पेपरवर राग काढतील, चार दिवस भांडतील. राग सोसतोय ओ मानसाला. लाज न्हाई सोसत."

अरुणाबाईंना गप्प राहावंसं वाटत होतं. घरी जावं, विजयसिंहांना काहीतरी थाप मारावी आणि ह्या बाईला तिचे उरलेले दिवस द्यावेत. पण थाप कुणाच्या तरी नावावर मारावी लागते, आणि ते नाव तयार होतं. त्यांनी सम्राटचं सांगितलं. दोन मुली आहेत, उद्या त्याला काढणार आहेत.

पद्माक्कांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्यांनी एवढा विचार केला होता, पण पाकीट उघडणाऱ्या माणसाचा केला नव्हता. मग भिंतीला धरून उठल्या आणि दार उघडलं.

७

अरुणाबाई निघायला लागल्या, तर पद्माक्कांनी त्यांचा हात धरून ठेवला. तुम्ही असाल तर सांगता येईल, म्हणाल्या.

त्यांनी तात्यांच्या समोर बसून सगळं सांगितलं. डोळ्यांचं, वाफेचं, पेटीचं, बोटांचं. गाठीचं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडक्यात. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज आत येत होता. तात्यांच्या हातातला ब्रश तसाच होता, शाईचा थेंब कागदावर पडून पसरत गेला, आणि तो त्यांना दिसला नाही.

अरुणाबाईंना वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ब्रश चाचपत खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं,

"माझं शेवटचं कुठलं?"

पद्माक्कांना लगेच आठवलं. नळाला पाणी न्हाई म्हणून फाटक्या महापालिकेच्या पायरीवर तांब्या घेऊन बसतो, ते.

"त्ये चांगलं हुतं," तात्या म्हणाले.

"लई चांगलं हुतं."

"आनि मानपत्र मिळालं त्ये? पुराचं?"

पद्माक्का गप्प राहिल्या. तात्यांनी मान हलवली, समजल्यासारखी. त्या सत्काराला दोघं गेले होते. शाल तात्यांच्या खांद्यावर पडली होती आणि पद्माक्का तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या. तात्यांनी हात पुढं करून चाचपला, तिची बोटं सापडली, ती त्यांनी एकेक करून दाबून बघितली, कळतंय का विचारलं. ह्या बोटाला कळतंय, ह्याला न्हाई, असं त्या सांगत राहिल्या.

मग ते म्हणाले, "कसा पडलाय त्यो, सांग मला."

पद्माक्कांनी सांगितलं. भिंतीच्या पायाशी, सावलीत. पाय पोटाशी घेतलेत. डोक्याखाली रुमाल दिलाय.

"डोळं?"

"मिटलेत. मीच मिटवलं."

अरुणाबाई तिथून उठल्या आणि जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

शुक्रवारी सकाळी तात्या रिक्षानं ऑफिसात आले. सगळ्यांसमोर सम्राटच्या टेबलापाशी गेले आणि त्याची माफी मागितली. विजयसिंहांना म्हणाले, रविवारी फाटक्याच्या जागी चित्र नको, चार ओळी छापा. अरुणाबाईंनी त्या स्वतः तपासल्या. गेल्या तीन वर्षांतला फाटक्या पद्मावती तात्यासो मगदूम यांनी काढला, असं त्यात होतं. पुराचं चित्रही त्यांचंच, असंही होतं. का काढला, ते नव्हतं. तात्यांनी ते लिहायला सांगितलं होतं, पण पद्माक्कांनी निरोप पाठवून खोडायला लावलं.

रविवारी दिवसभर शिवाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत माणसं येत राहिली. कागलहून धैर्यशीलही आले. पद्माक्का दाराशी खुर्चीवर बसून होत्या. लोक त्यांच्या पाया पडायला लागले की पाय आत ओढून घ्यायच्या. त्यानंतर त्या सात आठवडे होत्या. मुलगी ऐश्वर्या येऊन राहिली होती. शेवटी त्यांनी अन्न सोडलं, मग बोलणंही, आणि एका मंगळवारी सकाळी गेल्या.

८

महिनाभरानं अरुणाबाई तात्यांना भेटायला गेल्या. ऐश्वर्या त्यांना बेंगळुरूला नेणार होती, सामान बांधायचं चाललं होतं. तात्यांचं एकच मागणं होतं. जायच्या आधी त्यांना गेल्या तीन वर्षांतला फाटक्या बघायचा होता. अगदी पहिल्यापासून, एकही न सोडता.

विजयसिंहांनी कपाटातले गठ्ठे दिले. अरुणाबाई रोज दुपारी जायच्या, चित्र हातात घ्यायच्या आणि सांगायच्या. भिंत कुठं, बोका कुठं, काय म्हणतोय. तात्या भिंतीला टेकून ऐकायचे. काही चित्रांवर म्हणायचे, हे माझंच, तिनं नुसतं नीट केलंय. काहींवर हसायचे आणि म्हणायचे, हे तिचं. मला हे सुचलं नसतं. पहिल्या वर्षात तात्यांचे शब्द जास्त होते. पुढं पुढं तिचे वाढत गेले.

आठव्या दुपारी अरुणाबाईंच्या हातात गेल्या जुलैतलं चित्र आलं. त्यांनी ते आधी मनात वाचलं आणि वाचायचं की नाही, असा त्यांना क्षणभर प्रश्न पडला. पण एकही सोडायचं नाही, असं ठरलं होतं.

दवाखान्यातली रांग, त्या म्हणाल्या. फाटक्या बाकावर बसलाय. हातात चिठ्ठी, नंबर एक्केचाळीस.

तात्यांना आठवलं. विषय त्यांचाच होता. त्यांनी शेवटच्या चौकटीत डॉक्टरलाच रांगेत उभं केलं होतं. लोक येऊन, दवाखान्याचं लई झ्याक झालंय म्हणाले होते, तेव्हा त्यांना वाटलं होतं, डॉक्टरवरच हसतायत.

"इथं डॉक्टर नाहीत," अरुणाबाई म्हणाल्या. "पहिल्या चौकटीत पाटीवर अकरा नंबर. दुसऱ्या चौकटीत बारा. तिसऱ्या चौकटीत बाक रिकामा झालाय, फाटक्या तेवढा बसलाय. तो म्हणतोय, 'यव्वा, दुखणं सांगायला आलतो. बसून बसून पाठ झालंय. आता फकस्त ऐकायला कोन तरी पायजे.'"

तात्या हसले नाहीत. त्यांनी तारीख विचारली. अरुणाबाईंनी कागदाच्या मागची तारीख वाचली. तात्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. त्या आठवड्यात पद्माक्का चार दिवस शिरोळला बहिणीकडं जाऊन येते म्हणून गेली होती. आल्यावर तिनं सांगितलं होतं, बहीण बरी आहे, भाकरी चांगली करते अजून. आणि माझं चित्र अडलं म्हणून तात्या तिच्यावर रागावले होते.

आत ऐश्वर्या खोक्याला दोरी बांधत होती. तात्यांनी हात पुढं केला. अरुणाबाईंनी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब, उजव्या बाजूला धरला, मग डाव्या बाजूला, जिथून थोडं धूसर दिसायचं तिथं. कितीतरी वेळ तो तसा फिरवत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "त्याच्यासंगट कोन हाय का बघा बरं नीट. कोपऱ्यात, दाराकडं कुटं."

अरुणाबाईंनी चष्मा पुसून चित्र पुन्हा बघितलं.

"कुणी नाही, तात्या," त्या म्हणाल्या.